कमी भरलेला वारा

गेल्या मे महिन्यात सुटीत टेक्सासला आपाकडे गेले होते. तिच्या तेरा वर्षांच्या मुलाला मॉडेल रॉकेटचं वेड. पुठ्ठ्याची नळी, लाकडी पंख, आत छोटी मोटर. मी परतण्याआधीच्या रविवारी त्याने मला मैदानावर नेलं. रॉकेट सुमारे 250 मीटर वर गेलं, नारिंगी पॅराशूट उघडलं आणि वाऱ्याबरोबर वाहत ते मैदानापलीकडच्या कंबरभर गवतात दिसेनासं झालं.

तासभर आम्ही वाट्टेल तिथे गवत तुडवलं. अडीच महिन्यांची मेहनत होती. पोरगा रडवेला झाला.

मी म्हटलं, "तू कालच तर लॅपटॉपवर दाखवलं होतंस, कुठे उतरेल ते!"

ते सॉफ्टवेअर म्हणजे ओपनरॉकेट. फिनलंडमधल्या साम्पो निस्कानेन या विद्यार्थ्याच्या 2009 च्या प्रबंधातून निघालेलं, सर्वांना मोफत. रॉकेटची लांबी, वजन, मोटर, पॅराशूटचा व्यास आणि वाऱ्याचा वेग भरला की ते किती उंच जाईल, किती लांब उतरेल, हे सांगतं.

तो गप्प. मग खाली बघत म्हणाला, "खाला, मैंने हवा कम लिखी थी."

खरा वारा सेकंदाला 5 मीटर होता. तो भरला की रॉकेट मैदानाबाहेर उतरताना दिसायचं आणि अब्बा उडवू देणार नव्हते. मी तर बुधवारी निघणार होते. म्हणून त्याने 1 भरला.

मी रागावले नाही. म्हटलं, "आता खरा भर."

हिशोब सोपा होता. पॅराशूट सेकंदाला 5 मीटरने उतरत होतं, म्हणजे 250 मीटरला 50 सेकंद. तेवढ्या वेळात वारा 250 मीटर वाहून नेणार. पण वर जाताना रॉकेट वाऱ्याकडे तोंड वळवतं, म्हणून सॉफ्टवेअरने थोडं अलीकडे, 210 मीटरवर दाखवलं. अंतर मिळालं. दिशा माझ्याकडे होती: रॉकेट दिसेनासं झालं तेव्हा मागे पाण्याची टाकी होती. जिथून उडवलं तिथून टाकीकडे सरळ पावलं मोजत गेलो. दहा मिनिटांत नारिंगी कापड दिसलं. एक पंख मोडला होता, बस्स.

पोरगा नाचत होता आणि मला माझा हजेरीपट आठवत होता.

काही वर्षांपूर्वी माझ्या आठवीच्या वर्गातली एक मुलगी यायची बंद झाली. गळती दिसली की वरून विचारणा होते, म्हणून मी तिच्या नावापुढे हजेरी लावत राहिले. संगणकावर ती रोज शाळेत होती. जी हरवलीच नाही तिला शोधणार कोण? दोन महिन्यांनी मी घरी गेले तेव्हा दाराला कुलूप होतं. कुटुंब कामासाठी कुठे गेलं, शेजाऱ्यांना नीट सांगता आलं नाही.

सॉफ्टवेअरने काय करायचं? आपण भरू तेच ते मोजणार. वारा माझ्याच हाताने कमी भरला गेला होता.

त्या जूनपासून माझ्या वर्गात गैरहजर म्हणजे गैरहजर. तिसऱ्या दिवशी मी त्या घरी जाते. विचारणा होते, होऊ दे. ती मुलगी मात्र मला अजून सापडलेली नाही.