आपण यांना पाहिलंत का?

मित्रांनो, तुमच्या आई-बाबांना एक गोष्ट विचारून बघा. ‘आपण यांना पाहिलंत का?’ हे शब्द ऐकले की त्यांना काय आठवतं? ते पटकन म्हणतील, ‘मुंबई दूरदर्शन!’ आम्ही लहान होतो तेव्हा टीव्हीवर हरवलेल्या माणसांचे फोटो दाखवायचे. एकेक फोटो यायचा आणि एक गंभीर आवाज सांगायचा – वय नऊ वर्षं, रंग सावळा, अंगात निळा शर्ट आणि खाकी चड्डी, अमुक तारखेपासून बेपत्ता.

आम्हा भावंडांना त्याचा भारी कंटाळा यायचा. कधी एकदा हे संपतंय आणि पुढचा कार्यक्रम लागतोय, असं व्हायचं. आजी मात्र निवडायची भाजी बाजूला ठेवून, चष्मा पुसून टीव्हीजवळ सरकायची. आम्ही दंगा केला की दटावायची, “गप बसा रे! कुणाचं तरी लेकरू आहे ते. नीट बघून ठेवा. उद्या बाजारात दिसलं तर?”

एकदा मी तिला विचारलं, “आजी, हा मुलगा तर मागच्या महिन्यातच हरवलाय. मग त्याच दिवशी का नाही सांगितलं?”

आजी म्हणाली, “खरंय बाळा. त्याच दिवशी सांगायला हवं होतं.”

मोठं झाल्यावर मला कळलं, की असाच प्रश्न सातासमुद्रापलीकडे एका बाईंनी विचारला होता. आणि त्यांच्या प्रश्नाला उत्तरही मिळालं होतं.

अमेरिकेत टेक्सास राज्यात आर्लिंग्टन नावाचं शहर आहे. १३ जानेवारी १९९६ च्या दुपारी अंबर हॅगरमन ही नऊ वर्षांची मुलगी तिथे सायकल चालवत होती. एका माणसाने तिला उचलून आपल्या काळ्या पिकअप गाडीत घातलं आणि तो पसार झाला. जवळच राहणाऱ्या एका आजोबांनी हे पाहिलं आणि लगेच पोलिसांना कळवलं. म्हणजे बघा, गाडी कशी होती हे पोलिसांना ताबडतोब समजलं होतं! पण त्या वेळी रस्त्यावर असलेल्या हजारो लोकांना ते कोण सांगणार? चार दिवसांनी अंबर सापडली, पण जिवंत नाही. तिला मारणारा आजपर्यंत सापडलेला नाही.

त्याच भागातल्या एका आईला ही बातमी स्वस्थ बसू देईना. तिने एका रेडिओ स्टेशनला फोन केला. तिचं म्हणणं अगदी साधं होतं. वादळ येणार असलं की तुम्ही लोकांना लगेच सावध करता ना? मग एखादं मूल पळवलं गेलं तर तसंच का करत नाही? रेडिओवाल्यांना आणि पोलिसांना ते पटलं. त्यातूनच ‘अंबर अलर्ट’ जन्माला आला. १९९८ साली टेक्सासमध्येच एक तान्हं बाळ पळवलं गेलं. अलर्ट दिला गेला, गाडी चालवणाऱ्या एकाने ती संशयित गाडी ओळखली आणि बाळ सुखरूप आईकडे परत आलं. आता तिथे ही सूचना हमरस्त्यावरच्या पाट्यांवर झळकते आणि २०१३ पासून थेट मोबाईलवरही येते. आजवर १,२०० हून अधिक मुलं अशी परत मिळाली आहेत.

पण मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट. हा अलर्ट ऊठसूट देत नाहीत बरं का! पोलीस आधी खात्री करतात. मूल खरंच पळवलं गेलंय का? त्याच्या जिवाला धोका आहे का? लोकांना ओळखता येईल असं काही वर्णन, एखादा गाडीचा नंबर हाताशी आहे का? हे सगळं जमलं, तरच भोंगा वाजतो. रोजच वाजायला लागला, तर कोण मान वर करून बघेल? ‘लांडगा आला रे आला’ची गोष्ट आपल्याला ठाऊक आहेच.

आणि खात्री न करता दिलेली हाक किती भयंकर असते, ते आपण महाराष्ट्रातच पाहिलं आहे. २०१८ साली मोबाईलवर मेसेज फिरत होते – ‘मुलं पळवणारी टोळी आली आहे, सावध राहा!’ १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात भिक्षा मागून पोट भरणारे, भटक्या समाजातले पाच जण आले होते. लोकांनी त्यांनाच ती टोळी समजून मारहाण केली. पाचही जणांचा जीव गेला. त्यांनी कुणाचंही मूल पळवलेलं नव्हतं.

दोन्ही हाका मुलांच्या काळजीच्याच. मग फरक कुठे आहे? खऱ्या हाकेत त्या मुलाचं नाव असतं, तारीख-वेळ असते, फोटो असतो आणि माहिती कुठे कळवायची तेही असतं. खोट्या हाकेत असते नुसती भीती. म्हणून असा मेसेज आला, की पुढे ढकलण्याआधी या चार गोष्टी शोधा. नसतील, तर तो तुमच्यापाशीच थांबू द्या.

आपल्याकडेही आता ‘थोडी वाट बघू’ म्हणायचं कारण उरलेलं नाही. मूल हरवल्याची तक्रार आली की पोलिसांनी गुन्हा नोंदवून तपास सुरू करावा, असं सुप्रीम कोर्टाने २०१३ सालीच बजावलं आहे. आणि गंमत बघा, ज्या १९९६ साली तिकडे अंबर अलर्टची कल्पना निघाली, त्याच साली मुंबईत संकटातल्या मुलांसाठी १०९८ हा फोन नंबर सुरू झाला. हा नंबर आजही आहे. त्याला पैसे पडत नाहीत, आणि तुम्ही मुलंसुद्धा तो फिरवू शकता. स्टेशनवर एखादं पोर एकटंच रडताना दिसलं, तर जवळच्या पोलिसाला सांगा किंवा १०९८ लावा.

आता एक छोटासा गृहपाठ. मोबाईल बाजूला ठेवून घरातल्या दोघांचे फोन नंबर तोंडपाठ म्हणून दाखवा. आले? शाब्बास! आता धाकट्या भावंडालाही शिकवा. आणि आज सकाळी ते कोणत्या रंगाचे कपडे घालून घराबाहेर पडलं होतं, तेवढं जरा आठवून बघा. शोधणाऱ्याला सगळ्यात आधी तेच हवं असतं.