दोन घरांचं भाडं

सर्व्हर हलवणं हा काही लेखाचा विषय नव्हे, मला मान्य आहे. पण मागे एका लग्नात मावसभावाने विचारलं, "तुझा सर्व्हर हलवलास म्हणे. किती वेळ बंद होतं सगळं?" म्हटलं, "बंद नव्हतंच." त्यावर तो म्हणाला, "म्हणजे काम लहानसंच होतं तर!" तेव्हाच ठरवलं, हे एकदा लिहून काढायचं.

तर माझ्याकडे भाड्याचा एक सर्व्हर असतो. त्यावर चौदा संकेतस्थळं, बरीचशी ओळखीपाळखीची. एक रोपवाटिकेचं आहे. जूनमध्ये लागवडीच्या तोंडावर तिथे ऑर्डरींची नुसती रीघ लागते. आणि एक आहे आमच्या अण्णाकाकांचं. २००६ पासून तेरा वर्षं काकांनी तिथे लिहिलं. आता काका नाहीत. काकू रोज रात्री जेवणं आटोपली की टॅबवर त्यांचा एक लेख वाचतात आणि मग झोपतात. कुणा जुन्या वाचकाने प्रतिक्रिया टाकली, की सकाळी मला फोन ठरलेला.

सर्व्हरवर होतं सेंटओएस ७, आणि त्याची मुदत ३० जून २०२४ ला संपणार होती. म्हणजे त्या दिवशी ते बंद पडणार होतं असं नाही, पण पुढे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नव्हत्या. दाराची कडी मोडलीय हे माहीत असताना घरात भाडेकरू ठेवण्यातला प्रकार. नवा सर्व्हर हातात आला जूनच्या सुरुवातीला. म्हणजे हलायचं ते नेमकं रोपवाटिकेच्या ऐन हंगामात.

काम चालू ठेवून घर हलवल्याची एक खरीखुरी गोष्ट आहे. १९३० साली अमेरिकेत इंडियानापोलिस शहरात टेलिफोन कंपनीची आठ मजली, अकरा हजार टनांची इमारत महिनाभरात सरकवत सरकवत बाजूला नेली, वर नव्वद अंशांत फिरवली. आत सहाशे माणसं रोजच्यासारखी काम करत होती. पाणी, गॅस, टेलिफोन यांच्या जोडण्या इमारतीबरोबर सरकतील अशा लवचीक केल्या होत्या.

सर्व्हर मात्र असा उचलून नेत नाहीत. तो हलतो आमच्या वाड्यातल्या बिऱ्हाडासारखा.

१९८८ साली आम्ही सदाशिव पेठेतून कोथरूडला राहायला गेलो, तेव्हा आईने वाड्यातली खोली आणखी दोन महिने सोडली नाही. "दोन घरांचं भाडं कोण भरणार?" म्हणून बाबा कुरकुरले. पण आजोबांच्या पेन्शनची मनिऑर्डर, गावाकडची पत्रं, न कळवता येऊन टपकणारे पाहुणे, सगळे जुन्याच पत्त्यावर येणार होते. नवा पत्ता सगळ्यांना कळवला होता. पण कळवणं वेगळं आणि लोकांच्या अंगवळणी पडणं वेगळं. शाळा सुटली की जुन्या खोलीत डोकवायचं आणि तिथे जे काही आलं असेल, माणूस किंवा पत्र, ते नव्या घरी घेऊन जायचं, हे माझं काम.

इंटरनेटवर पत्त्यांची हीच गंमत आहे. नाव सांगितलं की पत्ता सांगणारी डीएनएस ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली. त्याआधी सगळ्या यंत्रांची नावं आणि पत्ते एकाच फाइलमध्ये असायचे आणि ती ज्याने त्याने उतरवून घ्यायची. डीएनएसमध्ये प्रत्येक पत्त्यासोबत तो किती सेकंद लक्षात ठेवायचा हेही सांगून ठेवतात. त्याला म्हणायचं टीटीएल. आमचा होता ८६,४०० सेकंद, म्हणजे अख्खा दिवस. हलायच्या चार दिवस आधी मी तो ३०० वर आणला. आता पत्ता बदलला, की पाच मिनिटांत जग जुना पत्ता विसरणार. सगळं जग नव्हे, हे महत्त्वाचं. सांगितलेला आकडा न पाळणारेही असतात.

मग नव्या सर्व्हरवर सगळ्याची प्रत केली आणि फक्त माझ्या लॅपटॉपच्या होस्ट्स फाइलमध्ये नवा पत्ता लिहिला. म्हणजे जगाला जुनं घर दिसतंय आणि मला एकट्याला नवं. पहिल्यांदा काकांचं संकेतस्थळ उघडलं. पाहतो तो काय, एकही अक्षर मराठी नाही! सगळी चित्रविचित्र चिन्हं.

कारण जुनंच होतं. मायएसक्यूएलमध्ये पूर्वी आपण वेगळं काही सांगितलं नाही तर 'लॅटिन-१' हीच अक्षरपद्धती धरली जायची. ही सवय बदलली २०१८ च्या ८.० आवृत्तीत. काकांचं मराठी युनिकोडमध्येच साठवलेलं होतं, पण डब्यावर लेबल लॅटिनचं. साखरेच्या डब्यावर मीठ लिहावं तसं. रोज वापरणाऱ्याचं काही अडत नाही. पण डबा दुसऱ्या घरी गेला, की तिथला माणूस लेबल वाचून 'रूपांतर' करतो आणि एकेका मराठी अक्षराची तीन तीन निरर्थक चिन्हं होतात. मग कसलंही रूपांतर न करता मजकूर जसाच्या तसा बाहेर काढला, लेबल बदललं आणि पुन्हा भरला. काकांची अक्षरं परत दिसली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. हेच पान जेवणानंतर काकूंसमोर उघडलं असतं तर, हा विचार मात्र झोपू देईना.

खरी भीती वेगळीच होती. दोन्ही घरं उघडी ठेवायची, तर काही गिऱ्हाइकं इथे ऑर्डर देणार, काही तिथे. दोन वह्या झाल्या की हिशेब मोडला. म्हणून रोपवाटिकेच्या ऑर्डरी घडतील तशा नव्या सर्व्हरवर उतरत राहतील, अशी सोय आधीच केली होती. १५ जूनच्या शनिवारी मध्यरात्री येणाऱ्यांना काही सेकंद दारातच थोपवलं, दोन्ही वह्या जुळल्याची खात्री केली, आणि जुन्या सर्व्हरचं काम बदलून टाकलं. आता त्याने स्वतः काही लिहायचं नाही. जो येईल त्याला नव्या घरी पोचवायचं. त्या क्षणी कुणी बटण दाबलं असेल, तर पान उघडायला जरा उशीर झाला असेल, एवढंच. त्यानंतर डीएनएसमधला पत्ता बदलला.

रविवारी सकाळी काकूंचा फोन. छातीत धस्स झालं. "अरे, काल रात्री ह्यांचा तो मुंजीच्या पंगतीचा लेख वाचला. झोपच लागेना, हसून हसून!"

तासाभरात बहुतेक वर्दळ नव्या पत्त्यावर गेली. तरी मी जुना सर्व्हर चालूच ठेवला आणि रोज त्याची नोंदवही बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी शे-दोनशे जण, चौथ्या दिवशी पाच-सहा. नवव्या दिवशी जुन्याच पत्त्यावरून एक गृहस्थ आले आणि आंब्याच्या चाळीस कलमांची ऑर्डर देऊन गेले. ती नव्या वहीत बिनचूक उतरली. सगळं बंद न पडण्याचं श्रेय लोक वेगाला देतात. माझं मत असं, की ते श्रेय या नवव्या दिवसापर्यंत थांबण्याला आहे.

असो. २९ जूनला जुन्या सर्व्हरची डिस्क पुसली आणि तो सोडून दिला. वाड्यातली खोली आईनेही झाडून मगच किल्ली परत केली होती.

महिनाअखेरीस बिल बघून आमची सौ. म्हणाली, "दोन-दोन सर्व्हरचं भाडं?" म्हटलं, "आईला विचार."