रेघेच्या अलीकडे

लाकडी पेटीची पारख कोपऱ्यावरून करावी. मधली फळी कुणीही रंधून गुळगुळीत करील, वरून पॉलिशचे चार हात मारील. पण दोन फळ्या काटकोनात जिथं भेटतात तिथं करणाऱ्याला लपायला जागा नसते. खिळा मारला तर खिळ्याचं डोकं दिसतं, पट्टी ठोकली तर पट्टी दिसते. यातलं काहीच नसेल आणि दोन्ही फळ्यांची टोकं हाताची बोटं गुंफावीत तशी एकमेकींत बसलेली असतील, तर समजावं की या कोपऱ्यापाशी कुणीतरी मांडी ठोकून बसलं होतं.

या जोडाला सुतार डव्हटेल म्हणतात. एका फळीच्या टोकाला शेपट्या असतात, बुडाशी अरुंद आणि टोकाकडे रुंद होत गेलेल्या. दुसऱ्या फळीला त्यांच्या मधल्या फटींत बरोबर बसतील अशा खुंट्या. एकदा बसवलं की एका दिशेनं कितीही ओढा, जोड सुटत नाही. शेपटीची रुंदीच आडवी येते. इजिप्तमधल्या हजारो वर्षांपूर्वीच्या थडग्यांत सापडलेल्या लाकडी सामानात हा जोड आहे. त्यानंतर त्यात सुधारणा करण्यासारखं कुणाला फारसं काही सापडलेलं नाही.

अंबाजोगाईत, शाळेच्या नोकरीतून मोकळी झाल्यावर, मी हा जोड हातानं कापायला शिकायला लागले. निवृत्त बाईनं भजनी मंडळात जावं, उन्हाळ्यात कुरडया कराव्यात, नातवंडांचा अभ्यास घ्यावा. सुतारमेटावर काय काम, असं गल्लीतल्या सगळ्यांचंच मत होतं. मेटावरच्या मिस्त्रींनी मात्र एवढंच विचारलं, "बाई, नजर कशीय तुमची?" चष्मा लावल्यावर चांगली आहे म्हटल्यावर ते म्हणाले, "मग जमंल. हाताचं नंतर बगू."

मिस्त्रींचं घराणं बलुत्यातलं. आजोबा तिफणी, वखर, जू आणि बैलगाड्या करायचे. बाभळीचं लाकूड, हत्यारं म्हणजे वाकस, करवत, पटाशी, रंधा, गिरमिट. फळी धरायला पायाचे अंगठे. गाडीचं चाक कसं व्हायचं हे मिस्त्री अजून तोंडपाठ सांगतात. मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर पुठ्ठे आणि सगळ्यांभोवती लोखंडी धाव. धाव चाकापेक्षा जरा लहानच करायची. गोवऱ्यांच्या आगीत लाल झाली की ती फुगते. तशीच उचलून चाकावर चढवायची आणि वर पाणी ओतायचं. ती आकसते, करकर आवाज होतो आणि सगळे सांधे एका दमात आवळले जातात. ना सरस, ना खिळा. माझ्या लेखी ही डव्हटेलची सख्खी चुलत बहीण आहे. तिथंही जोड धरून ठेवतो तो आकार.

ती चाकं गेली. ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या जिल्ह्यातल्या बैलगाड्यांना रबरी टायर आले, पेरणीला ट्रॅक्टरमागचं लोखंडी यंत्र आलं. मिस्त्रींनी आयटीआयमधून सुतारकामाचा ट्रेड केला आणि डव्हटेल ते तिथं शिकले. खेड्यातल्या सुताराला त्याची गरज फारशी पडत नसे. शेतकऱ्याच्या घरात ओढायचा खण होता कुठं? खण असायचा तो व्यापाऱ्याच्या गल्ल्याला, कचेरीतल्या आणि शाळेतल्या टेबलाला. पुढं प्लायवूड आलं. प्लायला डव्हटेल कापायला गेलं की त्याचे पापुद्रे निघतात. तेव्हा मिस्त्रींची ही कला शिकल्यावर काही वर्षांतच बसून राहिली. मी गेले तेव्हा, मला वाटतं, त्यांनाही कुणीतरी विचारायला हवंच होतं.

लाकूड आम्ही जुन्या मालाच्या वखारीतून आणतो. मराठवाड्यातल्या वखारींत पडलेला जुना सागवान बहुतेक माळवदांचा असतो. खांब, त्यावर तुळया, तुळयांवर फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर अशी ती घरं. उन्हाळ्यात आत गारवा असायचा. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि दगडमातीच्या त्याच ओझ्याखाली हजारो माणसं गेली. त्यानंतर बीडच्या खेड्यांतही माळवदाखाली झोपायची भीती बसली. पत्रे आले, स्लॅब आले, माळवदं उतरली. त्या तुळया चिरून केलेली फळी हातात घेतली की ती वजनाला जड लागते, वर चुलीच्या धुराचा काळा थर असतो, आणि रंधा फिरवला की आतून सोनेरी निघते. सागाचा तो तेलकट वास उरलेला असतोच. पण खिळ्याची जुनी भोकं शोधून ठेवावी लागतात. तुटलेला एखादा खिळा आत राहिला असेल तर पटाशीची धार जागीच जाते. शिवाय सागात मुळातच वाळूच्या जातीचं द्रव्य असतं, त्यानं हत्यार लवकर बोथटतं. म्हणून शिकण्याचा निम्मा वेळ निसण्यावर जातो. पटाशीची पाठ आरशासारखी सपाट झाल्याशिवाय मिस्त्री फळीला हात लावू देत नाहीत.

मग आखणी. आमची फळी सहा सुती, म्हणजे पाऊण इंच जाड. मार्किंग गेज तेवढ्याच जाडीवर लावून दोन्ही फळ्यांच्या टोकापाशी चारी अंगांनी रेघ ओढायची. ही पायथ्याची रेघ. पटाशी इथंच थांबली पाहिजे. शेपटीचा तिरपेपणा किती ठेवायचा याचा हिशेब ठरलेला आहे. मऊ लाकडाला सहा सुतांना एक सूत, कठीण लाकडाला आठाला एक. त्याहून जास्त तिरपी केली तर शेपटीचे कोपरे टवके उडून जातात, कारण तिथं लाकडाचे धागे आखूड पडतात. कमी तिरपी केली तर जोड ओढला की सरळ बाहेर. पेन्सिल चालत नाही. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते आणि त्या जाडीत सगळा घोटाळा मावतो. सुरीच्या टोकानं रेघ मारायची. ती दिसत कमी आणि लागत जास्त. करवत आणि पटाशी दोन्हींना ती बोटानं चाचपल्यासारखी सापडते.

आणि मग करवत. मिस्त्री जमिनीवर बसून फळी पायात धरतात. माझे गुडघे त्याला राजी नाहीत, म्हणून मी वाइसमध्ये आवळते आणि उभी राहते. "रेटू नका. ती आपल्या वजनानं जाती. तुमी निस्ती वाट दाखवा." फळीच्या दूरच्या कडेवर दोन-तीन हलके घास घ्यायचे, मग मूठ हळूहळू खाली आणायची. रेघ कापायची नाही, रेघेच्या अलीकडं कापायचं, म्हणजे टाकाऊ भागात. पूर्ण झाल्यावर सुरीच्या रेघेचा अर्धा काठ जिवंत दिसला पाहिजे. "रेघ खाल्ली की सांदा गेला," हे मिस्त्रींचं वाक्य त्या मेटावर दिवसातून किती वेळा ऐकू येतं याला गणती नाही. करवतीचा आवाजही सांगतो. ती सरळ चालली तर एकसुरी सरसर; जरा कलली की आवाजात खरखर येते, डोळ्यांना कळायच्या आधी.

शेपट्यांमधला फुकाचा भाग पटाशीनं काढायचा. एका बाजूनं अर्ध्यापर्यंत, फळी उलटवून दुसऱ्या बाजूनं अर्ध्यापर्यंत, म्हणजे पलीकडची कड फुटत नाही. पहिला घाव पायथ्याच्या रेघेवर कधीच घालायचा नाही. पटाशीची धार पाचरीसारखी असते, घाव बसला की ती मागं सरकते आणि रेघ ओलांडते. आधी रेघेच्या पुढं पोखरायचं आणि शेवटचा केसभर थर हातानं, हातोडा न वापरता, सोलून काढायचा. त्या सोलण्यात निघणारा पापुद्रा इतका पातळ असतो की उजेडापुढं धरला तर पलीकडची खिडकी दिसते.

या टप्प्यावर शिकणाऱ्याला वाटतं की आता खुंट्या मोजून आखायच्या. इथंच खरी गंमत आहे. मोजायचंच नसतं. कापलेल्या शेपट्या दुसऱ्या फळीच्या डोक्यावर ठेवायच्या आणि त्यांच्याच कडेनं सुरी फिरवायची. तुमची एक शेपटी थोडी वाकडी झाली असेल तर तिची खुंटीही तेवढीच वाकडी होणार, आणि जोड घट्टच बसणार. आयुष्यभर पट्टीनं मोजायला शिकवलेल्या मला हे पचायला वेळ लागला. अर्थात ही मुभा एवढ्यापुरतीच. करवत आडवी कलली असेल तर तिला कोणतीही माफी नाही.

शेवटी बसवणं. अर्ध्यापर्यंत बोटांनी दाबून, पुढं लाकडी हातोड्याच्या हलक्या ठोक्यांनी. पुन्हा पुन्हा बसवून बघायचं नाही. दर वेळी काढ-घाल केली की आतले धागे दबतात आणि घट्ट जोड सैल होतो. बरोबर बसत आला की ठोक्याचा आवाज बदलतो, पोकळ होता तो भरीव होतो.

पूर्वी यावर सरस लावायचे, जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला, चुलीवर वितळवून गरमगरम. १९५९मध्ये फेव्हिकॉल आलं आणि ती घाण वासाची भांडी सुतारांच्या घरातून गेली, हे चांगलंच झालं. पण त्याबरोबर एक समजही गेली. चिकटवणारं इतकं चांगलं मिळाल्यावर जोड चांगला हवाच असं राहिलं नाही. फटीत भुसा आणि फेव्हिकॉल भरून वर पॉलिश मारलेले कोपरे मी आता लांबूनही ओळखते, आणि लग्नघरी गेले की यजमानांची कपाटं बघत बसते. ही खोड चांगली नाही, पण जात नाही.

चिकटवल्याशिवाय आकारानंच जोड धरायचा हा विचार आमच्याकडं दगडातही झालेला आहे. ज्यांना आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो त्या देवळांत चुना न वापरता दगडाला दगड खाचेनं आणि वजनानं धरलेला असतो. बीडचं कंकालेश्वर तर पाण्याच्या कुंडात उभं आहे.

डव्हटेल कुठल्या फळीला कुठं लावायचा यालाही कारण असतं. टेबलाचा खण आपण पुढून ओढतो, म्हणजे सगळा ताण पुढच्या फळीवर. म्हणून शेपट्या बाजूच्या फळ्यांना आणि खुंट्या पुढच्या फळीला. कितीही ओढा, पुढची फळी हातात येणार नाही. उलटं केलं तर सगळा भार डिंकावर.

अशा कारागिरांसाठी पंतप्रधान विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ला सुरू झाली. तिच्यातल्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. प्रशिक्षण, त्या काळात रोज पाचशे रुपये आणि अवजारांसाठी पंधरा हजार. हे चांगलं आहे, मिळावंच. पण सुताराकडं पटाशी नव्हती म्हणून ही कला मागं पडलेली नाही. हातानं कापलेल्या खणाचे पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नाही, म्हणून पडली. माझ्यासारखी पेन्शनवाली हौशी माणसं ती उणीव भरून काढू शकत नाहीत, आणि तसा आव मी आणत नाही.

एक काम मात्र वाचणाऱ्याला करता येईल. लाकूड लांबीला जवळजवळ बदलत नाही, रुंदीला मात्र पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. बीडसारख्या कोरड्या मुलखात मे महिना आणि श्रावण यांत हा फरक चांगलाच जाणवतो. खिळा असतो लोखंडाचा, तो हलत नाही, म्हणून खिळ्यापाशी फळी चिरते. डव्हटेलमध्ये चारी फळ्यांचे धागे आडवे फिरलेले असल्यानं पेटी उंचीला एकदमच वाढते आणि एकदमच कमी होते, कोपऱ्यावर ताण येत नाही. तेव्हा आजोबांच्या टेबलाचा सागवानी खण श्रावणात अडकायला लागला, तर सुताराला बोलावून तो रंधून घेऊ नका. रंधलात तर उन्हाळ्यात तो खडखडेल आणि घालवलेलं लाकूड परत येणार नाही. कडांना मेणबत्ती घासा आणि दिवाळीपर्यंत थांबा.