गोकुळ रोडवरची रॅले

हुबळी स्थानकाबाहेर येऊन रिक्षावाल्याला ‘गोकुळ रोड’ म्हटले की तो लगेच विचारतो, ‘विमानतळाच्या बाजूला, की अलीकडे?’ प्रश्न साधा आहे. पण लहानपणी दर मे महिन्यात हैदराबादहून मामांच्या घरी येणाऱ्या माझ्यासारख्याला तो अजूनही चमत्कारिक वाटतो. आमच्या आठवणीतला गोकुळ रोड म्हणजे काळ्या मातीची शेते, गोकुळ गावाकडे परतणाऱ्या बैलगाड्या आणि पावसाळ्यात सायकलीच्या मडगार्डात असा काही चिखल बसायचा की उतरून काटकीने तो उकरल्याखेरीज चाक फिरत नसे. आज होसूरपासून पश्चिमेला निघालेल्या या रस्त्यावर बसस्थानक आहे, वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळाची मुख्य कचेरी आहे, औद्योगिक वसाहत आहे आणि टोकाला विमानतळ आहे. सरकारदरबारी २०१४ पासून गावाचे नावही ‘हुब्बळ्ळी’ झाले. आपल्या घरांतून मात्र ते हुबळीच राहिले आहे.

या खेपेस मी आलो तो एका सायकलीसाठी. माझे मामेभाऊ अण्णा यांनी फोनवर सांगितले होते, “आईच्या नव्वदीला बाबांची सायकल नवी करून तिच्यापुढे उभी करायची आहे. तू ये. काय बदलायचं नि काय ठेवायचं, हे माझं एकट्याचं ठरत नाही.”

अण्णांनी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथवर आयुष्य काढले. निवृत्तीनंतर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी जुन्या सायकली जमवून दुरुस्त करण्याचा उद्योग आरंभिला. आता त्यांच्यासारखी चार-पाच मंडळी आसपास आहेत. रविवारी सकाळी, रहदारी वाढण्याच्या आत, ही मंडळी आपापली जुनी वाहने घेऊन विमानतळाच्या दिशेने एक फेरी मारून येतात. घंट्या ऐकून लोक गॅलरीत येतात, असे मामी सांगतात.

शेडमध्ये शिरताच अण्णांनी माझी जणू शिकवणी सुरू केली. सायकल ओळखायची ती रंगावरून नव्हे, खुणांवरून. बी.एस.ए. म्हणजे बर्मिंगहॅमची बंदुका बनविणारी कंपनी. म्हणून तिच्या बिल्ल्यावर एकमेकींना टेकून उभ्या केलेल्या तीन बंदुका. रजच्या बिल्ल्यावर उघडा पंजा. हंबरचा पुढचा चिमटा दुहेरी नळ्यांचा. रॅलेच्या बिल्ल्यावर बगळ्याचे डोके. ज्या सायकलींना स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरांचा हब असतो, त्या हबवर पुष्कळदा तो बनल्याचे साल ठोकलेले आढळते. वरचा मळ काढला की सायकल आपले वय आपणच सांगते. पुढच्या चाकाला बत्तीस तारा आणि मागच्याला चाळीस, ही जुन्या विलायती पद्धतीची रचना. भार मागे पडतो, म्हणून मागे तारा अधिक. लहानपणी पुष्कळ वेळा त्या तारा पुसूनही मी कधी मोजल्या नव्हत्या.

या छंदाला अण्णांच्या मुलाचेही उत्तेजन आहे. तो अमेरिकेत असतो आणि तिकडे ज्यांना ‘मसल बाइसिकल’ म्हणतात त्या सायकली दुरुस्त करतो. नाव ऐकून मला वाटले, व्यायामाचे काही यंत्र असावे. वस्तुतः त्या होत्या मुलांच्या सायकली. कॅलिफोर्नियातील मुले आपल्या लहान चाकांच्या सायकलींना उंच हँडल आणि लांबट बैठक बसवून मोटारसायकलीचा थाट आणीत असत. ते पाहून शिकागोच्या श्विन कंपनीतील अल फ्रिट्झ यांनी १९६३ साली ‘स्टिंग-रे’ नावाची सायकल बाजारात आणली: वीस इंची चाके, शिंगांसारखे हँडल आणि केळ्याच्या आकाराची सीट. पुढे १९६८ मध्ये आलेल्या ‘क्रेट’ मालिकेत पुढचे चाक आणखी लहान झाले आणि गिअरचा दांडा मोटारीसारखा मधल्या नळीवर आला. त्या काळी तिकडे दणकट इंजिनांच्या ‘मसल कार’ तरुणांच्या मनात भरल्या होत्या. मोटार चालविण्याचे वय न झालेल्या मुलांनी ती हौस सायकलीवर भागविली. इंग्लंडात १९७० साली रॅलेने ‘चॉपर’ काढली ती याच वळणाची. ती मुले आज साठी-सत्तरीची आहेत. जुन्या बाजारांतून एकेक सुटा भाग शोधून, सायकल दुकानातून नुकतीच आणल्यासारखी करण्यासाठी ते पुष्कळ पैसा आणि वेळ खर्च करतात.

पुतण्याने पाठविलेली छायाचित्रे मी पाहिली. नारिंगी रंग असा चकचकीत, की ओरखडाच काय, बोटाचा ठसाही दिसू नये. ते पाहून एक गोष्ट लक्षात आली. तिकडची माणसे सायकलीतून स्वतःचे बालपण परत मिळवितात, आणि बालपण नवेकोरेच असावे असे कोणालाही वाटते. आपल्याकडे त्या पिढीतल्या किती मुलांना स्वतःची सायकल होती? आम्ही शिकलो ते वडिलांच्या किंवा तासाच्या भाड्याच्या सायकलीवर, दांडीखालून पाय घालून हाफ पेडल मारीत. आपल्याकडे जुनी सायकल जपली जाते ती बहुधा वडिलांची, मामांची, काकांची. म्हणजे कष्टाला लावलेली वस्तू. पुण्यात कर्वेनगर येथे विक्रम पेंडसे यांनी २०१७ साली खुले केलेले सायकलींचे संग्रहालय आहे. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनविलेली घडीची बी.एस.ए. तेथे पाहावयास मिळते.

हुबळीसारख्या गावी हा छंद रुजावा, याला आणखी एक कारण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. मुंबईस तांत्रिक शिक्षणसंस्थेत अध्यापन करीत असताना त्यांना सायकलीचे आकर्षण वाटले. मुंबईहून त्यांनी माल पाठवावा आणि बेळगावात बंधू रामूअण्णांनी तो विकावा, असा व्यवहार सुरू झाला; ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नावाचा आरंभ १८८८ सालच्या त्या सायकलीच्या दुकानापासून मानतात. तेथून कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर, १९१० साली किर्लोस्करवाडी, आणि पुढच्या पिढीत १९४६ साली बंगळूरला किर्लोस्कर इलेक्ट्रिक. याच किर्लोस्कर इलेक्ट्रिकचा एक कारखाना गोकुळ रोडवर उभा राहिला. बेळगावच्या त्या दुकानातून निघालेली वाट अशी फिरून या रस्त्याला येऊन मिळाली आहे. सायकल उघडून जोडणाऱ्या माणसाला यंत्राची भीती उरत नाही, हेच त्या वाटेचे सार असावे.

अण्णांच्या शेडमध्ये त्याची प्रचीती येते. नॉटिंगहॅमच्या रॅलेच्या पायडलाजवळील कपांना इंचात सव्वीस आटे असतात, इतरांना चोवीस. बाजारातला कप त्यात जाईल असे वाटते, एखादा फेरा जातोही. पण जोर केला की नळीतले आटे गेले म्हणून समजावे. अशा वेळी वसाहतीतल्या ओळखीच्या लेथवर तो भाग कातून घेतात. कॉटर पिन नुसती हातोडीने ठोकून काढू नये, खाली भक्कम आधार द्यावा. नाहीतर आतले छर्रे आपल्या बसण्याच्या जागी खड्डे पाडतात. निकेलवरचा वरवरचा गंज चंदेरी कागद पाण्यात भिजवून घासला तरी निघतो. पितळी घंटीला देवाच्या भांड्यांप्रमाणे चिंच लावावी. कातडी सीटला तेल बेताने द्यावे. फार पाजले तर ती पिशवीसारखी लोंबते. चाकाचा आउट काढताना घाई करू नये; एक तार आवळली की समोरचीचा विचार करावा लागतो.

“सगळं शिकलो ते चुका करूनच,” अण्णा म्हणाले. प्रारंभी त्यांनी एक बी.एस.ए. एका रंगाऱ्याकडे दिली होती. त्याने मन लावून खरवडली, भट्टीचा काळा रंग दिला. सायकल आरशासारखी झाली. मात्र सोनेरी रेघा, दुकानाच्या नावाची पट्टी आणि मागच्या मडगार्डावर जुन्या मालकाने हाताने रंगविलेली आद्याक्षरे, सारे गेले. तो मालक हयात होता. सायकल पाहून तो म्हणाला, “छान झाली आहे,” आणि पुन्हा कधी आला नाही.

मामांच्या रॅलेपाशी अण्णांचा हात अडला होता तो यामुळेच. सदर्न मराठा रेल्वेने १८८५ साली हुबळीस स्थापिलेल्या वर्कशॉपमध्ये मामा फिटर होते. सायकल त्यांनी १९५८ साली हप्त्यांनी घेतली आणि निवृत्तीपर्यंत तिच्यावरूनच कामावर गेले. ‘मामांची विलायती रॅले’ म्हणून आम्ही मुले शाळेत बढाई मारीत असू. पुतण्याने अमेरिकेहून सोनेरी अक्षरांच्या चिकटपट्ट्या धाडल्या होत्या. त्यांवर ‘नॉटिंगहॅम, इंग्लंड’ असे झोकात छापलेले. मी आलो त्या दुपारी अण्णांनी हेडवरच्या बिल्ल्याचा कित्येक वर्षांचा मळ रॉकेलने हलके हलके काढला. बगळा दिसला, आणि त्याच्याखाली, भारतात बनविल्याची अक्षरे दिसली. स्वातंत्र्यानंतर आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना निघाला होता. तो पुढे सरकारकडे गेला आणि कालांतराने बंदही पडला. आमची विलायती रॅले तिथली होती.

आम्ही दोघे पासष्टीच्या आसपासचे गृहस्थ त्या बिल्ल्याकडे पाहत राहिलो. अण्णा हळूच म्हणाले, “पट्टी लावली तर कोणाला कळणार आहे?”

तेवढ्यात काठी टेकीत मामी शेडच्या दारात आल्या. गुपित राखण्याचा प्रश्नच उरला नाही. त्यांनी चिकटपट्टी हातात घेऊन विचारले, “हे काय लिहिलंय?” मी वाचून दाखविले.

“आपली सायकल तिथली नाही,” मामी म्हणाल्या. “घरी आणली त्याच दिवशी ह्यांनी सांगितलं होतं, ही आपल्या देशात झालेली आहे म्हणून. त्याचं त्यांना कौतुक होतं. विलायती म्हणत होतात ती तुम्ही पोरं.”

मग त्यांनी पुढे होऊन मधल्या दांडीवर हात ठेवला. तेथे वितभर जागी रंग उडून लोखंड उघडे पडले आहे. मुलांना बसविण्याची लहान सीट तेथे आवळलेली असे. आधी अण्णा, मग त्यांची बहीण, आणि मे महिन्यात मी. “हा रंग तुम्हीच घालवलाय,” त्या म्हणाल्या. “आता परत लावून काय मिळवणार? चालती करा म्हणजे झालं. आणि घंटी वाजते का बघा.”

निर्णय झाला. पुढील चार दिवस आम्ही तेच केले. छर्रे, कोन, ब्रेकचे रबर, टायर, ट्यूब आणि सहा तारा नव्या घातल्या. कारण चालण्यासाठी जे हवे ते नवे असलेच पाहिजे. रंगाला हात लावला नाही. उघड्या लोखंडावर केवळ तेलाचा पातळ हात फिरविला. पुतण्याला हे कळविले तेव्हा तो थोडा हिरमुसला असावा; पण दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला, ‘दांडीवरच्या त्या जागेचा फोटो पाठवा.’

वाचकांपैकी अनेकांच्या घरी, इंदूरला, बडोद्याला, तंजावरला किंवा हैदराबादला, माळ्यावर नाहीतर जिन्याखाली अशी एखादी सायकल असेल. भंगारवाला ती वजनावर घेऊन जाईल. त्याला देण्यापूर्वी हेडवरचा बिल्ला एकदा पुसून पाहावा आणि घरातील सर्वांत वडील माणसास तिच्याविषयी विचारावे. आम्ही ते विचारावयास फार उशीर केला होता. मामी होत्या, म्हणून निभावले.

मी निघालो त्या सकाळी अण्णा रॅलेवरून दूध आणावयास गेले होते. रिक्षा कोपऱ्यावर वळली तेव्हा ते समोरून येताना दिसले. हँडलला पिशवी होती, आणि मला पाहून त्यांनी दोनदा घंटी वाजविली.