कडेवरचं पोर

खानापूरहून सकाळची बस पकडली, की लोंढा मागे टाकून तास-सव्वातासात रामनगर येतं. इथून पुढं जोयडा तालुका. जिल्हा कारवार, भाषा कोकणी-मराठी-कन्नड अशी तिपेडी आणि दोन्ही बाजूंना जंगल. आमच्या खानापूरकरांना हा तालुका दांडेलीला सहलीला जाताना खिडकीतून दिसतो, तेवढाच. मलाही तो तेवढाच ठाऊक होता.

रामनगर हे गावच मुळी पुनर्वसनातून उभं राहिलं. काळी नदीवर सुप्याला १०१ मीटर उंचीचं धरण बांधलं गेलं आणि १९८० च्या दशकात जुनं सुपा पाण्याखाली गेलं. तालुक्याचं ठाणं जोयड्याला हललं आणि बुडालेल्या गावांतली कितीतरी कुटुंबं रामनगरात येऊन वसली. इथल्या म्हाताऱ्या माणसांना ‘पुनर्वसन’ या शब्दाचा अर्थ शब्दकोशात बघावा लागत नाही. पुनर्वसन म्हणजे घर, शेत, देवळाचा कट्टा सोडून दुसरीकडे जाणं. मीही हा शब्द इतकी वर्षं याच अर्थानं वर्गात शिकवत आले. त्याचा अगदी उलटा अर्थ मला एका विद्यार्थिनीच्या घरी कळला, म्हणून हा लेखप्रपंच.

दोन वर्षांपूर्वीची जानेवारीतली गोष्ट. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातली एक मुलगी तीन आठवडे कॉलेजला आली नाही. मुलगी हुशार, अक्षर मोत्यासारखं, लोंढ्याला मावशीकडे राहून शिकणारी. फोन लावावा तर ‘संपर्क क्षेत्राबाहेर’. परीक्षेला बसायचं तर ७५ टक्के हजेरी हवी आणि तिची तर कधीच त्याखाली गेली होती. आमच्याकडे अशा मुलींचं काय होतं ते अनुभवानं माहीत आहे. आधी दांडी, मग नाव कमी, मग लग्नाची पत्रिका. म्हणून एका शनिवारी पर्समध्ये कॉलेजची नोटीस टाकून मी थेट तिच्या गावी निघाले. चार शब्द सुनवावेत, असंही मनात होतंच. खोटं कशाला बोलू?

जगलबेटला उतरले. पुढं एका टेंपोवाल्यानं डांबरी रस्ता संपेपर्यंत सोडलं. “बाई, संध्याकाळी उशीर करू नका, गवे रस्त्यावर येतात,” असंही बजावलं. तिथून अर्धा-पाऊण तास पायवाट. तांबडी माती, वाळलेल्या पानांचा सडा, मध्ये एक ओढा. जानेवारीत त्यात घोटाभर पाणी होतं. पावसाळ्यात हाच ओढा गावाला चार-चार दिवस तोडून टाकतो, हे मला नंतर कळलं.

वस्ती कुणब्यांची. बारा-पंधरा घरं, शेणानं सारवलेली अंगणं. एका पडवीत मुडलीच्या कंदांचा ढीग होता. जोयड्याच्या कंदमेळ्याला न्यायचे म्हणून निवडणं चाललं होतं. माझी विद्यार्थिनी त्या ढिगाशी बसली होती आणि भिंतीच्या कोपऱ्यात, दोन फळ्या काटकोनात जोडून केलेल्या एका अजब खुर्चीत, सात वर्षांचा तिचा भाऊ बसला होता. मान थोडी कललेली, हात आखडलेले, पण डोळे असे की मी अंगणात पाय टाकल्यापासून त्यांनी मला सोडलं नाही. त्याच्यापुढच्या पाटावर सहा मुडल्या मांडल्या होत्या. तो एक-एक कंद दोन्ही हातांनी ढकलत टोपलीत पाडत होता. एक कंद पडायला दोन-तीन मिनिटं लागत. पडला की तो हसे आणि बहीण मोजे, “एक... दोन...”

पर्समधली नोटीस पर्समध्येच राहिली.

हकीकत अशी. वडील गोव्यात बांधकामावर, महिन्या-दोन महिन्यांनी येणार. आई मजुरीला जाते. मुलाला आजी सांभाळायची. डिसेंबरात ओढ्याकाठी आजीचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. आता घरात दोन माणसं धरून उठवायची. आईनं मजुरी सोडली तर चूल बंद. मग शिक्षण सोडणार कोण? जिला कुणी विचारायची गरज नसते ती. थोरली बहीण.

आई संध्याकाळी आली. चहा टाकता टाकता म्हणाली, “बाई, हा जन्मला तवा नाल्याला पूर आलेला. दवाखान्यात पोचायला उशीर झाला. पोर लवकर रडलंच नाही.” पुढचं तिनं तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. वर्ष झालं तरी मान धरेना, तेव्हा कुणी सांगितलं म्हणून पोटावर डाग दिले. ते वण अजून आहेत. मग दाखल्यासाठी कारवारच्या खेपा. “बेळगाव जवळ पडतं, पण जिल्हा कारवार. कागदाला जवळ-लांब काय कळतंय?” एका मोठ्या दवाखान्यात सांगितलं, आठवड्यातून तीन दिवस थेरपीला आणा. तिनं मान डोलावली आणि घरी आली, ती पुन्हा गेलीच नाही. जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना सरकारी बसचं तिकीट लागत नाही हे खरं, पण बुडालेली मजुरी कोण भरून देणार? आणि बसपर्यंतची ती पायवाट?

ज्याला आपण सरसकट ‘लुळेपण’ म्हणतो, तो या मुलाच्या बाबतीत सेरेब्रल पाल्सी नावाचा विकार आहे. बाळाच्या मेंदूला जन्माआधी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकर इजा होते. ही इजा पुढं वाढत नाही, पण स्नायू ताठरतात, सांधे आखडत जातात. औषधानं हा विकार पुरता बरा होत नाही. मात्र मुलाला रोज कसं उचलायचं, कसं बसवायचं, कसं भरवायचं, यावर त्याचं पुढचं सगळं आयुष्य अवलंबून असतं. उपचार महिन्यातल्या एका दिवसाचा नसतो, दिवसातल्या प्रत्येक तासाचा असतो. मग तो दवाखान्यात होणार की घरात?

नेमका हाच प्रश्न जगभरातल्या काही शहाण्या माणसांनी विचारला. १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेनं प्राथमिक आरोग्याचा विचार मांडला. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेनं ‘समाजाधारित पुनर्वसन’ ही कल्पना पुढं आणली. तिकडं मेक्सिकोच्या डोंगरातल्या आहोया नावाच्या खेड्यात डेव्हिड वॉर्नर यांनी गावातल्याच अपंग तरुणांना हाताशी धरून काम केलं आणि १९८७ मध्ये खेड्यातल्या अपंग मुलांवर एक जाडजूड सचित्र पुस्तक काढलं. बांबू, दोरी, जुने टायर, चिखल यांतून काय काय करता येतं, ते त्यात आहे. आपल्याकडे मुंबईत मिठू अलूर यांनी १९७२ साली स्पॅस्टिक्स सोसायटी स्थापली, ती स्वतःच्या मुलीसाठी वाट शोधता शोधता. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी चाकाच्या खुर्चीतून ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी केली. या संस्था मोठ्याच. पण जगलबेटच्या पलीकडचं सात वर्षांचं पोर रोज कोल्हापूर-मुंबई गाठू शकत नाही. त्याच्यासाठी कुणीतरी पायवाटेनं वर यावं लागतं.

इथं वर येतो तो ग्रामपंचायतीचा ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ता. कर्नाटकात पंचायतीपंचायतीत असे कार्यकर्ते नेमलेले आहेत आणि ते स्वतः अपंगच असतात. मानधन तुटपुंजं. या गावाचा कार्यकर्ता चाळिशीचा, लहानपणी पोलिओनं एक पाय गेलेला. बाजूला जादा चाकं लावलेली स्कूटर ओढ्यापर्यंत आणतो आणि पुढं काठीच्या आधारानं चढतो. दुसऱ्या दिवशी रविवार असूनही तो आला, कारण मॅडम आल्याचं त्याला कळलं होतं!

तो म्हणाला, “मॅडम, पहिल्यांदा आलो तर हा आडवा पडलेला. आडव्याला जगात फक्त कौलं दिसतात. आधी बसवायचं, मग बाकी.” तालुक्याला महिन्यातून एकदा येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीकडून तो स्वतः शिकला आणि घराला शिकवलं. शेजारच्या आजोबांनी फणसाच्या फळ्यांची ती कोपऱ्यातली खुर्ची केली. अंगणात कळकाचे दोन बांबू समांतर बांधले, धरून उभं राहण्यासाठी. भरवताना मान मागे टाकायची नाही, किंचित पुढं ठेवायची, नाहीतर घास श्वासनलिकेत जातो. ताठरलेला पाय हिसका देऊन ओढायचा नाही, सावकाश, गरम पाण्याच्या शेकानंतर सोडवायचा.

आणि मला सगळ्यात चकित करणारी गोष्ट. असल्या मुलांचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. ते फाकलेले राहावेत म्हणून मुलाला कसं उचलायचं? दोन पाय दोन बाजूंना टाकून, कंबरेवर. म्हणजे आपल्या आया-आज्या शेकडो वर्षं पोर कडेवर घेतात, अगदी तसं! त्या माउलीला थेरपी नावाची भली मोठी धास्ती वाटत होती. तिला सांगितलं, की तू त्याला कडेवर घेऊन विहिरीवर जातेस ना, तीच अर्धी थेरपी आहे. “तवा मला धीर आला,” ती म्हणाली.

पण सात वर्षांचं पोर दिवसभर एकट्या बाईच्या कडेवर किती बसणार? म्हणून तर आजी पडल्यावर सगळं कोसळलं. रविवारी दुपारी त्याच पडवीत बायका जमल्या. कार्यकर्त्यानं सरळ विचारलं, “पोरगीचं कॉलेज चालू राहायचं तर आठवड्यातला एकेक दिवस कोण घेतंय?” थोडा वेळ कुणीच बोललं नाही. एक म्हणाली, माझंच काम आवरत नाही. ते खरंच होतं. मग शेजारची काकू म्हणाली, मंगळवार माझा. हळूहळू चार दिवस भरले. पाचवा शाळेनं घेतला. शिक्षक म्हणाले, आणा त्याला वर्गात, बसू दे. २०१६ च्या कायद्यानं सहा ते अठरा वर्षांच्या, ठरावीक टक्क्यांवर अपंगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला आहे. पण इथं तो कायद्याच्या कलमानं आला नाही, काकूच्या कडेवरून आला.

परतीच्या बसमध्ये मला माझ्या आत्तेबहिणीची आठवण येत होती. ती राहते शहरात, थेरपी सेंटरपासून रिक्षानं दहा मिनिटांवर. तिचा मुलगाही असाच. कितीतरी लग्नं-मुंजी झाल्या, आम्ही त्याला कधी बघितलं नाही. ती एकटी यायची आणि जेवण होताच लगबगीनं निघायची. आम्ही म्हणायचो, “हिला फार घाई असते बाई.” वीस वर्षांत आमच्यापैकी एकीनंही विचारलं नाही, की मंगळवारी मी येऊन बसू का? थेरपी सेंटर जवळ होतं, आम्ही लांब होतो. घरी आल्यावर तिला फोन केला. काय बोलावं सुचेना. शेवटी तेच विचारलं. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही.

कॉलेजात प्राचार्यांपुढं हजेरीचा विषय मांडला. कागदपत्रं जोडली आणि मुलगी परीक्षेला बसली. पुढच्या डिसेंबरात आमचं एन.एस.एस.चं शिबिर त्याच गावात घेतलं. घरापासून शाळेपर्यंतची वाट मुलांनी दगड काढून, मुरूम टाकून सपाट केली. पावसाळ्यात ती निम्मी वाहून गेली. गावकऱ्यांनी पुन्हा भरली. यंदाही भरावी लागेल.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. मुलगा आधाराशिवाय चालणार नाही, हे कार्यकर्त्यानं आईला स्पष्ट सांगितलं आहे. कधी एखादी बाई आजारी पडते, वार चुकतो आणि माझी विद्यार्थिनी त्या दिवशी वर्गात नसते. आता मी तिला नोटीस देत नाही, टिपणं देते.

वाचकांपैकी कुणाच्या घरात, शेजारात असं मूल असेल तर एवढं ध्यानात ठेवावं. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले. त्यामुळे पूर्वी ‘बसत नाही’ म्हणून परत पाठवलेल्यांनी पुन्हा विचारावं. अंगणवाडीत आणि शाळेत मुलं तपासायला येणाऱ्या डॉक्टरांच्या पथकाला मूल लपवू नये, मुद्दाम दाखवावं. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक आणि बहुविध अपंगत्वासाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना आहे, तिच्यात एक लाखापर्यंतचा खर्च मिळतो आणि थेरपीही धरली जाते. कर्नाटकात असाल तर आपल्या पंचायतीचा पुनर्वसन कार्यकर्ता कोण, हे आधी शोधावं. आणि कुणी डाग द्या म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवावं.

सीमाभागात अशा मुलाला नावंही तीन. मराठी कागदावर दिव्यांग, कन्नड अर्जावर विकलचेतन आणि गल्लीत आणखी काही, जे इथं लिहवत नाही. त्या पडवीत मात्र त्याला त्याच्या नावानंच हाक मारतात.

गेल्या महिन्यात पुन्हा गेले होते. मंगळवार होता. शाळेच्या वाटेवर काकू भेटल्या, कडेवर तो. आता त्याचे पाय लांब झालेत, जवळजवळ त्यांच्या गुडघ्यापर्यंत लोंबतात. मी म्हटलं, “काकू, जड झाला की आता!” त्यांनी त्याला वर सरकवून घेतलं आणि म्हणाल्या, “झाला की. खातोय चांगलं.”