कागदाची तहान

गेल्या संक्रांतीला आमच्या आर्वीच्या घरी हळदीकुंकू झाले. येणाऱ्या बायकांची संख्या अंदाजापेक्षा वाढली, घरातल्या कपबशा अपुऱ्या पडल्या, तेव्हा सुनेने घाईघाईने कागदी कपांची एक चळत आणवली. समारंभ आटोपल्यावर माझी दहा वर्षांची नात त्या उष्ट्या कपांच्या ढिगाशी जाऊन बसली. एक कप तिने पाण्यात बराच वेळ भिजत ठेवला, त्याचा लगदा बोटांनी सोडवला, आणि आतून निघालेला पातळ पारदर्शक पापुद्रा माझ्यापुढे धरून विचारले, "आजी, कागदाच्या पोटात ही कातडी कशाला?"

"कागदाला तहान फार असते म्हणून," मी म्हणाले. हे उत्तर माझे नव्हे. साठ वर्षांपूर्वी ते माझ्या वडिलांनी मला दिले होते.

तिने क्षणभर विचार केला आणि लगेच म्हणाली, "मग पेटीतल्या पणजीच्या पत्रालाही आपण अशी कातडी चढवून आणू या. चौकातल्या दुकानात पाच मिनिटांत करून देतात."

मी 'पाहू' म्हणून वेळ मारून नेली. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या पत्राला एकदा कातडी चढवून झालेली आहे, आणि ती चढवणारी मीच होते, हे तिला ठाऊक नव्हते.

कागद म्हणजे झाडांचे तंतू पाण्यात कालवून, चाळणीवर पसरून वाळवलेला एक थर. या तंतूंना पाण्याची मूळचीच ओढ असते. शिवाय आपल्याला सलग दिसणारा कागद आतून सलग नसतोच. साध्या कागदाच्या आकारमानाचा जवळजवळ अर्धा भाग नुसत्या हवेने व्यापलेला असतो. त्या पोकळ्यांमधून पाणी, शाई, तेल, वितळलेले मेण, जे समोर येईल ते, वातीत तेल चढावे तसे शिरते. टीपकागद हा कागदाचा मूळ स्वभाव आहे. लिहिण्याचा कागद हा त्या स्वभावावर माणसाने केलेला संस्कार.

या संस्काराचे नाव खळ. लुगड्याला आणि धोतराला देतात तीच ही खळ, तांदळाची किंवा गव्हाची. आपल्याकडचे जुने कागदी दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात किंवा जुन्नरास ज्या रीतीने कागद तयार करीत, त्या रीतीत ताव वाळला म्हणजे काम संपत नसे. त्याला खळ द्यायची, पुन्हा वाळवायचे, आणि मग लाकडी फळीवर ठेवून गुळगुळीत दगडाने घोटायचे. इतके की बोरू त्यावरून न अडखळता धावावा. फारसीत या खळीला 'आहार' म्हणतात. त्या भाषेत त्याचा एक अर्थ खळ. पण मराठी कानाला तो शब्द जेवणाचाच वाटतो, आणि मला तर तो अर्थही तितकाच खरा वाटतो. पोट भरलेला कागद शाई अधाशासारखी पीत नाही. ती आपल्या पृष्ठावर राहू देतो. पेशवे दप्तरातली मोडी अक्षरे आजही वाचता येतात, याचे थोडे श्रेय त्या खळीला आणि त्या दगडाला आहे.

हे सारे माझ्या वडिलांना हाताने येत होते. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे काम सुरू झाले. कुमारप्पांच्या देखरेखीखाली तिथे तेलघाणी, मधमाशापालन अशा उद्योगांबरोबर हातकागदाचेही शिक्षण दिले जाई. चाळीस सालच्या सुमारास वडील पुलगावच्या छोट्या गाडीने (ती गाडी आता धावत नाही) निघून पुढे वर्ध्याला गेले आणि काही महिने तिथे राहून कागद शिकून आले. त्या विद्येवर पोट भरले नाही. आर्वीला परतून त्यांनी कापसाच्या जिनात कारकुनी धरली, ती अखेरपर्यंत केली. कागद करण्याची चौकट माळ्यावर गेली. मला कळू लागले तेव्हा वडिलांच्या त्या विद्येची खूण म्हणून घरात एक घोटण्याचा दगड तेवढा उरला होता, आणि त्याने आम्ही अंगणात सुपारी फोडत असू.

माझी आई मी नऊ वर्षांची असताना गेली. तिचे हस्ताक्षर म्हणून घरात एकच पत्र होते. मोर्शीला माहेरी गेलेली असताना तिने वडिलांना लिहिलेले. पातळ, स्वस्तातला कागद, दोन्ही बाजू निळ्या शाईने भरलेल्या. त्यात विशेष असे काही नव्हते. धाकटीचा खोकला कमी आहे, लोणच्याच्या बरणीचे तोंड बांधले आहे की नाही ते पाहावे, जिनातली रात्रपाळी टाळता आली तर टाळावी, असा मजकूर. आईविना वाढणाऱ्या मुलीला एवढाही मजकूर पुष्कळ असतो. मी ते पत्र चोरून इतक्यांदा काढले होते की त्याच्या घड्या कापडासारख्या मऊ झाल्या होत्या.

१९६६ च्या पावसाळ्यात आमच्या छपराचे कवेलू सरकले आणि एका रात्री पाणी नेमके त्या पेटीवर ठिबकत राहिले. सकाळी पाहिले तो पत्राची एक घडी ओली झाली होती, आणि दोन ओळींची शाई फुटली होती. वडील कामावर गेलेले. मी बारा वर्षांची. या पत्राला पुन्हा पाणी लागता कामा नये, एवढे एकच माझ्या मनात होते. मेणावर पाणी ठरत नाही हे मला माहीत होते. मी मेणबत्तीचे तुकडे वाटीत वितळवले, पत्र चुलीच्या उबेवर वाळवले, आणि चिंधीच्या बोळ्याने ते मेण दोन्ही बाजूंना फिरवले.

मेण वर राहिलेच नाही. पाहता पाहता ते कागदात जिरले आणि कागद तेलकट तावासारखा आरपार दिसू लागला. पुढची अक्षरे मागच्या अक्षरांत मिसळली. आईच्या ओळींवर आईच्याच ओळी उलट्या चढल्या. पत्र पाण्यापासून वाचले होते, पण आता ते वाचता येत नव्हते.

संध्याकाळी वडील आले. त्यांनी पत्र हातात घेतले, दिव्याजवळ नेले, बराच वेळ पाहिले आणि पुन्हा घडी घालून ठेवले. मला ते एक अक्षरही बोलले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते, असे मला त्या वयातही वाटले.

पुढच्या रविवारी त्यांनी मला हाक मारली. चुलीवर तांदळाची खळ शिजत होती. तिच्यात त्यांनी चिमूटभर मोरचूद टाकला. कारण खळ ही कसरीचेही अन्न असते, आणि पुस्तके बांधणारे ती खळ अशीच कडवट करून वापरतात. मग त्यांनी त्याच जातीच्या कागदाचे तीन तुकडे केले. पहिला तसाच ठेवला. दुसऱ्याला खळ दिली. तिसऱ्याला खळ देऊन, वाळवून, सुपारीचा तो दगड धुऊन आणून त्याने घोटला. मग तिन्हींवर मेणाचा एकेक हात फिरवला. पहिल्यात मेण बुडाले. दुसऱ्यात कुठे बुडाले, कुठे वर राहिले. ठिपक्याठिपक्यांचा कागद झाला. तिसऱ्यावर मात्र ते वरच पसरले आणि सायीसारखे धरले. त्यावर टाकलेला पाण्याचा थेंब मोत्यासारखा घरंगळून गेला.

"कागदाला तहान फार," ते म्हणाले. "ती आधी भागवली नाही, तर रक्षणासाठी लावलेलेही तो पिऊन टाकतो."

मी रडत विचारले, "म्हणजे मी आधी खळ लावायला हवी होती?"

"नाही. खळ शाईच्या आधीची. लिहिलेल्यावर ओली खळ फिरवली असती तर अक्षरेच तिच्यात उतरली असती."

"मग काय करायला हवे होते?"

"कवेलू फेरायला हवे होते," ते म्हणाले, "आणि ते काम माझे होते."

मोठेपणी कारखान्यातल्या कागदाविषयी वाचण्यात आले, तेव्हा त्या रविवारच्या तीन तुकड्यांची आठवण पानोपानी होत गेली. पाणी, तेल किंवा वाफ अडवणारा थर ज्या कागदावर द्यायचा, त्याची तिथेही आधी अशीच मशागत होते. रुळांवरून पिष्टाची खळ दिली जाते, चिनी मातीच्या किंवा चुनखडीच्या बारीक भुकटीचा लेप देऊन खळगे बुजवले जातात, आणि मग जड रुळांमधून कागद दाबून काढतात; हे घोटणेच. एखादा तंतू गवताच्या काडीसारखा उभा राहिला, तर वरचा थर नेमका तिथे फाटतो. ते छिद्र डोळ्यांना दिसत नाही, पण पाण्याला बरोबर सापडते. प्लॅस्टिकचा पापुद्रा चढवायचा असला तर त्याने कागद धरावा म्हणून पृष्ठावर विजेचा किंवा ज्योतीचा हलका मारा करतात. तरीही पापुद्रा पापुद्राच राहतो. गरम पेय त्यात पंधरा मिनिटे राहिले तर प्लॅस्टिकचे हजारो सूक्ष्म कण त्यात उतरतात, असे खरगपूरच्या आय.आय.टी.तल्या संशोधकांना २०२० साली आढळले. आता पापुद्र्याऐवजी पाण्यात कालवलेल्या पातळ लेपांचे प्रयोग चालू आहेत; हेतू हा की कागदाचा पुन्हा सहज लगदा व्हावा. हे लेप जितके पातळ, तितकी खालच्या मशागतीवरची त्यांची भिस्त अधिक.

सोपा मार्ग माणसाला नेहमीच हवा असतो. युरोपात हातकागदाचे ताव जनावरांच्या चामड्याखुरांपासून काढलेल्या सरसात बुडवीत. १८०७ साली इलिग नावाच्या जर्मन गृहस्थाने राळ आणि तुरटी लगद्यातच मिसळण्याची युक्ती प्रसिद्ध केली आणि ताव एकेक करून बुडवण्याचा खटाटोप वाचला. पण तुरटीचे आम्ल आतून कागद खात राहिले. आपल्या घरांतली जुनी मासिके हात लावताच मोडतात, ती बऱ्याच अंशी त्यामुळे. रंगोळी काढणारी बाई सारवण वाळेपर्यंत थांबते. तिला हे कुणी शिकवावे लागत नाही. आयुष्यातल्या इतर गोष्टींत मात्र मी वारंवार मेणाची वाटी घेऊन धावले आहे, आणि तहानलेल्या कागदाने ती दर वेळी पिऊन टाकली आहे.

त्या रविवारी वडिलांनी आणखी एक गोष्ट केली. खळ देऊन घोटलेल्या एका कोऱ्या तावावर त्यांनी आईचे पत्र उतरवून काढले. मी भिंग धरून बसले आणि दोघांनी मिळून ओळी सोडवल्या. ज्या लागल्या नाहीत, त्यांची जागा त्यांनी कोरी सोडली. मी म्हणाले, "बाबा, तुम्हाला तर हे पत्र पाठ असेल." ते म्हणाले, "असेल. पण मला आठवते ते बरोबरच असेल असे नाही." अशा सहा जागा आहेत. त्या आजही कोऱ्या आहेत.

दुसऱ्या दिवशी मी नातीला हे सारे सांगितले. मेणाचे मूळ पत्र आणि वडिलांच्या हातची ती प्रत, दोन्ही तिच्यापुढे ठेवली. दुकानातल्या यंत्रात उष्णतेने चिकटवलेले प्लॅस्टिक पुन्हा सुटे करता येत नाही, आणि माझ्या मेणाचे यंत्रात काय होईल ते कुणी सांगावे, हेही समजावले. ती बराच वेळ मूळ पत्र उजेडासमोर धरून पाहत होती. मग तिने विचारले, "आता आपल्याकडे कवेलू नाहीत ना?"

कवेलू नाहीत, वीस वर्षांपूर्वी स्लॅब पडला. पण उत्तरेच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते, आणि पेटी त्याच भिंतीला टेकलेली होती. आम्ही दोघींनी मिळून ती ओढत मधल्या खोलीत आणली, खाली दोन लाकडी ठोकळे ठेवले, आणि दोन्ही कागद धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून आत ठेवले. घोटण्याचा दगड मात्र नातीने बाहेर काढून ठेवला आहे. येत्या रविवारी तिला खळ शिजवून हवी आहे.