पेठांतील जुनी सायकल

पुण्यात कर्वेनगर येथे विक्रम पेंडसे यांनी उभारलेले सायकल संग्रहालय आहे. तेथे गेलेल्या पाहुण्याची दृष्टी बहुधा दुसऱ्या महायुद्धातील छत्रीधारी सैनिकांसाठी बीएसए कंपनीने बनविलेल्या घडीच्या सायकलीवर खिळते. व्यापारी नजरेच्या माणसाने मात्र तेथे आणखी एक गोष्ट हेरावी. जुन्या सायकलीचा प्रत्येक भाग पान्याने खोलता येतो आणि झिजला तर बदलता येतो. तिचे वय म्हणजे तिच्या सांगाड्याचे वय. बाकी सारे बदलत राहते.

सायकलींचे शहर ही पुण्याची ओळख आता जुनी झाली. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात जाणारे कामगार, कचेरीतले कारकून, महाविद्यालयीन विद्यार्थी सारे सायकलवर असत. नगरपालिकेचा बिल्ला लागे, रात्री दिवा नसला तर दंड होई आणि तासाच्या भाड्याने सायकल मिळे. स्कूटर आल्या आणि हे सारे मावळले. 2017 च्या अखेरीस भाड्याच्या सायकलींची नवी योजना गाजावाजाने आली, पण तीही टिकली नाही. ज्याला सायकलची खरी गरज आहे, त्याला ती विकतच घ्यावी लागते.

अशी गरज असलेले दोन वर्ग पेठांत आजही दिसतात. सदाशिव पेठेत खोली, खाणावळ आणि अभ्यासिका यांच्या त्रिकोणात फिरणारा, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा खेड्यातला मुलगा हा एक. रविवार पेठेतील बोहरी आळीसारख्या अरुंद गल्ल्यांतून माल पोहोचविणारा दुकानातला कामगार हा दुसरा. दोघांच्या खिशाला दहा हजारांची सायकल झेपत नाही. मग जुनी घ्यावी की सहा-सात हजारांची स्वस्त नवी, हा प्रश्न येतो.

स्वस्त नवी सायकल दिसायला डौलदार असते. जाड टायर, पुढे-मागे स्प्रिंगा, भडक रंग. पण किंमत तीच ठेवून स्प्रिंगा बसवायच्या तर पैसा कोठून तरी वाचवावा लागतो. तो हबमधून, पायडलमधून आणि ब्रेकमधून वाचविला जातो. शिवाय त्या स्प्रिंगा चालविणाऱ्याच्या जोरातला काही भाग गिळून टाकतात. डांबरी रस्त्यावर त्यांचा उपयोग जवळजवळ नाहीच. या दरात साधी, बिनगिअरची, बिनस्प्रिंगची सायकल मिळत असेल तर ती निःशंक अधिक चांगली.

जुनी घ्यायची तर रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार आहे, पेठांतली दुरुस्तीची दुकाने आहेत आणि ओळखीपाळखी आहेत. कोठेही घेतली तरी चकाकी पाहू नये. रंग लावायला फार पैसे लागत नाहीत. प्रथम हँडलखालच्या जोडापाशी, जेथे सांगाड्याच्या दोन नळ्या मिळतात, तेथे बोट फिरवावे. तेथील रंगाला सुरकुती किंवा चीर असेल तर सायकल कोठे तरी समोरून आदळलेली आहे. ती फुकटही घेऊ नये. मग चाक उचलून फिरवावे. थोडा आउट असेल तर मिस्त्री आरे ओढून तो काढतो, परंतु रिम गंजून पापुद्रे सुटले असतील तर खर्च वाढतो. चेनसाठी पट्टी न्यावी. बारा पूर्ण कड्या, म्हणजे चोवीस पिना, बरोबर बारा इंच भरल्या पाहिजेत. एक अष्टमांश इंच जास्त भरल्या तर चेन संपली, आणि बहुधा तिने फ्रीव्हीलचे दातेही खाल्लेले असतात. शेवटी पायडलचा दांडा धरून आडवा हलवावा. खडखड आली तर आतले छर्रे आणि कप पाहावे लागतील. हे दुरुस्त होते. पण भाव ठरण्यापूर्वी कळलेले बरे.

हिशेब असा मांडावा. समजा, सायकल अडीच हजारांना ठरली. दोन टायर, ट्यूब, चेन, ब्रेकचे रबर आणि ओव्हरहॉलिंग मिळून आणखी अडीच हजार धरले, तर भांडवली खर्च पाच हजार. हा दुसरा आकडा न धरताच बहुतेक लोक जुनी वस्तू स्वस्त म्हणतात. तरीही व्यवहार फायद्याचा राहतो, कारण घसाऱ्याचा मोठा भाग पहिल्या मालकाने सोसलेला असतो. दोन वर्षांनी ती सायकल फार तोटा न होता विकता येते.

सर्वांनाच ती मानवेल असे नाही. चोवीस इंची सांगाड्याची जड सायकल कमी उंचीच्या व्यक्तीला धोक्याची, आणि कोथरूडहून चांदणी चौकाकडे रोज चढायचे असेल तर बिनगिअरची सायकल म्हणजे शिक्षाच. अशांसाठी एक उत्तम साठा दुर्लक्षित आहे. 2020 च्या टाळेबंदीनंतर हौसेने घेतलेल्या किती तरी चांगल्या गिअरच्या सायकली सोसायट्यांच्या वाहनतळांत हवा गेलेल्या अवस्थेत उभ्या आहेत. त्या झिजलेल्या नाहीत, नुसत्या सुकलेल्या आहेत. नवे रबर आणि वंगण मिळाले की त्या चालू लागतात.

पावती मात्र सोडू नये. बहुतेक सायकलींवर पायडलच्या आसाखाली क्रमांक कोरलेला असतो; तो विकणाऱ्याच्या सहीनिशी कागदावर लिहून घ्यावा. चोरीचा माल घेणे कायद्याने गुन्हा आहेच. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांतही त्याची गणना आहे. क्रमांक घासलेला दिसला तर भाव कितीही कमी असो, परत फिरावे.

कामगाराला सायकल देणाऱ्या दुकानदाराने आणखी एक पाहावे. जुन्या सायकलींची रिम पोलादी असते आणि ओली झाली की ब्रेकचे रबर तिच्यावर नीट पकडत नाही. पाठीमागे वीस किलोचा माल आणि समोर उतार असता ही उणीव पेलणे त्या मुलाला कठीण जाते. म्हणून जूनपूर्वी दोन्ही ब्रेकचे रबर बदलावे, आणि पहिला पाऊस पडला की मालकाने स्वतः कॅरियरवर तेवढाच माल बांधून, दुकानापासून लक्ष्मी रस्त्यापर्यंत ती एकदा चालवून पाहावी.